तांबड्या मातीचे गाव

बडोद्याच्या एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आम्हांस आले. घरातील मुलांनी कोलारच्या सोन्याच्या खाणींवरील तो गाजलेला चित्रपट पाहिला आणि त्यानंतर त्यांचे प्रश्न काही संपेनात. 'तुम्ही खाणींच्या मुलुखात राहता असे ह्या सदरात अनेकदा लिहिले आहे,' असे त्या बाई लिहितात, 'तर तुमच्याकडे सोने निघते काय? खाणीच्या गावात माणसे राहतात कशी, आणि हिंडावेसे वाटले तर जातात कुठे?' पत्राच्या तळाशी त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी स्वहस्ते एक ओळ जोडली आहे : 'खाणीत उतरता येते का?'

चिरंजीवांचे समाधान आधी करतो. बाळ, आमच्याकडची खाण म्हणजे भुयार नव्हे. डोंगराचा माथा काढून टाकायचा आणि पायऱ्यापायऱ्यांनी खाली जात राहायचे, अशी ती उघडी खाण. तिच्यात पाळण्यातून उतरावे लागत नाही; परवानगी असेल तर ट्रकात बसून तळापर्यंत जाता येते. आणि तिच्यातून निघते ते सोने नव्हे, लोखंडाचे खनिज. सत्तरी तालुक्यात सोनशी नावाचे एक गाव आहे. नावात सोन्याचा नाद, भोवती लोखंडाच्या खाणी. २०१७ साली तेथील धुळीने त्रासलेल्या गावकऱ्यांनी खनिजवाहतूक अडवली आणि त्यांतल्या कित्येकांना तुरुंगात दिवस काढावे लागले. सोन्याशी आमच्या खाणपट्ट्याचा संबंध एवढाच.

कोलारची हकीगत मात्र दोन शब्दांत सांगावीशी वाटते, कारण तिच्याशेजारी ठेवल्याविना आमच्या गावाचे वेगळेपण कळायचे नाही. जॉन टेलर अँड सन्स ह्या इंग्रज कंपनीने १८८० मध्ये तेथे काम हाती घेतले. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्राची वीज तारांवरून त्या खाणींपर्यंत पोहोचली. बंगळूर शहराचे दिवे त्यानंतर तीन वर्षांनी लागले. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली. त्या पाताळात १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, न्यूट्रिनो नामक कणांच्या खुणा टिपल्या. पुढे सोने काढण्याचा खर्च सोन्याच्या मोलाहून वाढला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या खाणी बंद झाल्या. मागे कामगारांच्या चाळी राहिल्या, सायनाइडने शिजवलेल्या मातीच्या टेकड्या राहिल्या. पण नावही राहिले. के.जी.एफ. ही तीन अक्षरे आज बडोद्याच्या मुलांच्याही तोंडी आहेत.

सोने गावाचे नाव मिरवते, लोखंडाला तेवढे येत नाही. आमच्या डोंगरांची माती जपानच्या भट्टीत वितळून कोणत्या पुलाची तुळई झाली, चीनमधल्या कोणत्या इमारतीत जाऊन बसली, हे कोणालाच सांगता येणार नाही. अडवलपाल, शिरगाव, मुळगाव, पीर्ण ही नावे गोव्याबाहेरच्या किती मराठी घरांना ठाऊक असतील? आणि खुद्द त्या गावांच्या आतली जी नावे आहेत, झरींची, शेतांची, डोंगराच्या एकेका उतरणीची, ती तर गावातल्याच तरुणांना ठाऊक नाहीत. आजचा आमचा विषय तोच आहे.

आमचे लाटंबार्से डिचोली तालुक्याच्या उत्तरेकडच्या कडेला आहे. पलीकडे महाराष्ट्राचा दोडामार्ग तालुका. सीमा सरकारी कागदावर ठसठशीत असली तरी सोयरिकींना ती कधी आडवी आली नाही. येथे घरातले बोलणे कोंकणी आणि वाचणे मराठी. आरती मराठीत होते, भांडण कोंकणीत. रविवारी सकाळी छत्री, पाण्याची बाटली आणि एक वही घेऊन आम्ही पायी निघतो. मास्तरांना साखरेचा विकार जडला असावा आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले असावे, असा गावाचा पहिल्या वर्षी समज होता. आता तो समज जाऊन त्या जागी सहानुभूती आली आहे. आठवी-नववीतली चार-पाच मुले बहुधा बरोबर असतात. त्यांना वाटेतल्या काजूंचा व करवंदांचा ओढा अधिक, हे आम्ही जाणून आहोत.

पाहुणे आले की त्यांना नार्व्याला नेण्याची रीत आहे. ते योग्यच होय. दिवाडी बेटावरून परागंदा झालेल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा १६६८ साली शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविला, आणि २०२३ मध्ये गोवा सरकारने त्याची डागडुजी पुरी केली. डिचोली शहरात नमाजगा आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाने १६८३च्या सुमारास ह्या बाजूस राहिला होता, त्याच्याशी तिचे नाव जोडले जाते. लामगावच्या जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत. हे सारे पाहावे. परंतु आमची रविवारची वाट वेगळी आहे. ती कासारपालवरून अस्नोड्याच्या बाजूस वळते आणि खाणपट्ट्यात शिरते.

कासारपालला श्रीकालिकादेवीचे देऊळ आहे. दैवज्ञ समाजाची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सोनारकाम करीत आलेल्या घराण्यांची, ती कुलदेवता. सोन्याची खाण नसलेल्या ह्या मुलुखात सोन्याला आकार देणाऱ्यांची देवता मात्र नांदते, ही गोष्ट बडोद्याच्या मुलांना कळवण्याजोगी आहे. देवळाच्या भोवतीची गर्द झाडी, ओलसर सावली, पोफळींच्या कुळागरांतून झुळझुळणारे पाटाचे पाणी. येथपर्यंत डोळ्यांना खाणीचा मागमूस लागत नाही.

पुढे अडवलपालच्या बाजूस वळले की रंग पालटतो. पायाखालची माती तांबडी असते तशी आमच्याकडे सर्वत्रच असते. पण येथली तांबूस भुकटी पानांवर, कुंपणावर, घरांच्या चुनेगच्चीवर बसलेली असते. एके काळी ह्या बाजूच्या घरांत पांढरे कपडे आत वाळत घालीत, आणि जेवणाचे ताट पालथे मांडून ठेवीत. पावसाळ्यात व्हाळ गढूळ चहासारखे वाहत. समोर जो सपाट माथ्याचा, गवत उगवलेला लांबट डोंगर दिसतो तो देवाने केलेला नव्हे. तो डंप होय. खनिजावरची निरुपयोगी माती काढून रचलेला डोंगर. शेजारी मूळचा डोंगर असतो, किंवा असायचा. त्या जागी आता खंदक आहे आणि त्यात हिरवट निळे पाणी आहे. नवख्या माणसाला ते सरोवर वाटते व तो छायाचित्र काढू लागतो. कडेची माती ठिसूळ असते, म्हणून मुलांना आम्ही तेथून चार हात दूरच उभे करतो.

ह्या व्यवसायाची कूळकथा थोडक्यात सांगतो. पोर्तुगीज सरकारने १९०६ साली खाणींसंबंधी फर्मान काढले व त्याअन्वये डोंगरांवर सनदा दिल्या जाऊ लागल्या. सनदा मिळाल्या तरी खरा व्यापार दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. जपान नव्याने उभा राहत होता, त्याला पोलाद हवे होते आणि गोव्याला बंदर होते. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी त्या सनदा चालूच राहिल्या. १९८७ मध्ये भारताच्या संसदेने कायदा करून त्यांचे भाडेपट्ट्यांत, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'लीज'मध्ये, रूपांतर केले.

त्या आरंभीच्या दिवसांत डोंगर यंत्रांनी नव्हे, माणसांनी फोडला. अडवलपालच्या बाजूची एक वृद्धा आम्हांस सांगत होती, "मास्तर, आम्ही डोंगर डोकीवरून वाहिला. पाटी ओतली की मुकादम खडूने एक रेघ ओढी. संध्याकाळी रेघा मोजून पैसे. मला अक्षर येत नव्हते, पण माझ्या रेघा मला बरोबर ठाऊक असत." त्या वेळी तिचे वय तेरा-चौदा असावे. "आता तो डोंगर कुठे आहे, आजी?" असे एका मुलीने विचारले. आजींनी हाताने समुद्राच्या दिशेने खूण केली.

ती खूण अक्षरशः खरी होती. खाणीतून ट्रक, ट्रकातून मांडवीच्या काठचा धक्का, धक्क्यावरून बार्ज, बार्जमधून मुरगाव बंदर आणि तेथून जहाज, असा हा प्रवास. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीचे मुख खवळले की बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरत. वर्गात त्रैराशिक शिकवताना ह्या प्रवासाचा आम्ही पुष्कळ उपयोग केला आहे. २०१०-११ ह्या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. ट्रक दहा टनांचा धरला तर खेपा किती? पन्नास लाख. त्या वेळच्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून थेट आजोबांपर्यंत प्रत्येक गोवेकराच्या वाट्याला तीन ट्रकांहून अधिक. आणि एक टन खनिज काढण्यासाठी दोन ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते, ती ह्या हिशेबात धरलेलीच नाही. फळ्यावर इतके मांडून झाले की वर्ग काही क्षण गप्प होतो. गणिताच्या तासाला हे क्वचितच घडते.

येथे एक गोष्ट न सांगता पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. १९६३च्या डिसेंबरात ते अधिकारावर आले आणि १९७३च्या ऑगस्टमध्ये निधन पावेपर्यंत त्यांनी गावोगाव, वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी शाळा उघडल्या. पोर्तुगीज अमदानीत ज्या घरांच्या उंबऱ्याला अक्षर शिवले नव्हते, त्या घरांतली मुले त्या शाळांत बसली. आमच्या पिढीतले कितीतरी शिक्षक त्याच शाळांचे विद्यार्थी. तेव्हा खाणीच्या नावाने नुसती बोटे मोडणे आम्हांस जमत नाही. ज्या धंद्याने डोंगर नेला त्याच धंद्यातल्या एका माणसाने आमच्या हाती पाटी दिली. डोकीवरची नव्हे, लिहावयाची.

तरीही ह्या शतकाच्या आरंभीची वर्षे आम्ही विसरू शकत नाही. लाटंबार्शास बदली होण्यापूर्वी आम्ही खाणपट्ट्याच्या मधोमध असलेल्या एका शाळेत होतो. चीनने खनिज विकत घेण्याचा धडाका लावला होता. पूर्वी जे हलक्या प्रतीचे म्हणून डंपावर फेकले होते तेही खपू लागले. जुने डंप पुन्हा उकरले जाऊ लागले. ज्याच्या त्याच्या दारात कर्जाऊ ट्रक उभा राहिला. नववीच्या वर्गातील मागचे बाक रिकामे पडू लागले. मुलगा आधी ट्रकावर क्लीनर व्हायचा, मग ड्रायव्हर, आणि नशिबाने साथ दिली तर मालक. एका पालकांना आम्ही शाळेत बोलावून घेतले. ते नम्रपणे उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. म्हणाले, "सर, तुमचा मान राखून सांगतो. माझा हा पोरगा महिन्याला जे आणतो ते माझ्या पदवीधर पुतण्याला मिळत नाही. त्याला शाळेत ठेवू तो कशासाठी, हे तुम्हीच सांगा." शिक्षणाचे मोल पैशांत मोजू नये, हे वाक्य शिक्षकांच्या परिसंवादात शोभते. तीन हप्ते डोक्यावर असलेल्या माणसासमोर ते उच्चारण्यात अर्थ नव्हता. आम्ही फक्त इतकेच म्हटले की निदान दहावी होऊ द्या. मुलाने दहावी केली नाही.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरच्या ५ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. बेकायदा उत्खननाविषयी न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल त्याच्या थोडे आधीच बाहेर आला होता. पन्नास लाख खेपांचा गोंगाट एका आठवड्यात निमाला. खाणपट्ट्यातल्या गावांना पहिल्या रात्री झोप आली नाही, असे लोक सांगतात. इतकी शांतता कोणाच्या सवयीची नव्हती. २०१५ साली काही खाणी पुन्हा चालू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने अठ्ठ्याऐंशी लीजांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि मार्चच्या मध्यावर सारे पुन्हा ठप्प झाले. अंगणातल्या ट्रकांवर कारल्याचे वेल चढले, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

त्या काळात आमच्या जुन्या शाळेत एक निराळीच वर्दळ सुरू झाली. तिशीच्या घरातले बाप्ये शाळा सोडल्याचा दाखला मागावयास येऊ लागले. कोणाला औद्योगिक वसाहतीत पहारेकऱ्याची जागा मिळत होती, कोणाला शिपायाच्या जागेसाठी अर्ज करावयाचा होता. त्यांत तो मुलगाही होता. आता त्याला स्वतःला दोन मुले होती. दाखल्यावर 'आठवी उत्तीर्ण' याहून अधिक काही लिहिता येत नव्हते. त्याने तो वाचला, घडी घातली, आणि विचारले, "सर, थोरला पुढच्या वर्षी पहिलीत येतोय. बाक आहे ना?" बाक पुष्कळ होते. तोवर सरकारी शाळांत बाक नव्हे, मुले कमी पडू लागली होती.

पैशांचा आणि टनांचा असा हिशेब लागतो. पाण्याचा हिशेब कोणी मांडला नाही, आणि गावाचे खरे दुखणे तेथे आहे. आमच्याकडे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सड्यावरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. तो हे पाणी स्पंजासारखे पितो आणि सावकाश सोडतो. डोंगराच्या पोटाशी झरी फुटतात त्या ह्यामुळे, आणि पाऊस संपल्यावर वायंगणाचे भात पिकते तेही त्यांच्याच बळावर. जांभ्याखालच्या मातीच्या थरांखाली जे भुसभुशीत खनिज असते, ते स्वतःच पाण्याचे कोठार असते. लोखंड काढावयाचे म्हणजे ते कोठार फोडावयाचे. खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी चोहोंकडून त्यात धावू लागते, ते रात्रंदिवस पंपांनी उपसावे लागते, आणि शेजारच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. वर पाऊस धो धो कोसळत असताना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे, हे कोडे बाहेरच्या माणसास उलगडत नाही; त्याचे उत्तर एवढेच आहे. दुसऱ्या बाजूने डंपाची माती पावसात वाहून येते आणि शेतात बसते. ती वाळली की तिचा थर असा घट्ट बनतो की नांगर आत जात नाही.

शिरगावला हे विशेष जाणवते. तेथील श्रीलईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस भरते व व्रतस्थ धोंड होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात, हे वाचकांनी ऐकले असेल. अग्नीची ही जत्रा वस्तुतः पाण्याचीही आहे. व्रताच्या दिवसांत धोंड झरीच्या किंवा तळीच्या काठी राहतात, दिवसातून अनेकदा स्नान करतात. सोवळे पाळावयाचे तर वाहते पाणी हवेच. अशा गावाच्या विहिरी खाणींनी आटल्या. लोक न्यायालयात गेले, तज्ज्ञांनी पाहणी केली, खटले चालले. आम्ही त्यात शिरत नाही. इतकेच म्हणतो की ज्या गावच्या देवीच्या व्रताला पाणी लागते, त्या गावाचे पाणी ही केवळ नळखात्याची बाब नसते.

आता खाणी पुन्हा चालू होत आहेत. २०२२च्या डिसेंबरापासून सरकारने खाणींचे ब्लॉक लिलावाने देण्यास प्रारंभ केला, आणि २०२४ साली डिचोलीच्या ब्लॉकात उत्खनन पुन्हा सुरू झाले. आमच्या परिचयाची कितीतरी घरे ह्या बातमीने आनंदली, आणि त्यांच्या आनंदाला नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४च्या निकालात विक्रीच्या रकमेचा दहावा हिस्सा पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवावयास सांगितले, हेही चांगलेच झाले. परंतु मुळगावच्या लोकांनी जी मागणी लावून धरली ती आम्हांस अधिक मोलाची वाटते : आमची घरे, देवळे, तळी लीजच्या हद्दीतून वगळा. कित्येक दशकांपूर्वी डोंगरावर आखलेल्या चौकोनाच्या आत माणसांची वस्ती आणि देवाची तळी आहे, हे ह्या काळात सिद्ध करावे लागते.

आणि सिद्ध करावयाचे कशाने? गोव्यात जमिनीचा जो 'एक-चौदा'चा उतारा मिळतो त्यावर शेताचे नाव लिहिण्यासाठी एक जागा राखलेली असते. ही फार शहाणपणाची तरतूद आहे. पण उतारा रोमन लिपीत. ज्या कारकुनाने ते नाव टिपले त्याच्या कानांवर आणि स्पेलिंगवर ते अवलंबून. 'वझर' आहे की 'ओझर', 'मळी' की 'माळी', हे कागदावरून ठरत नाही. डोंगराच्या एका विस्तीर्ण सर्व्हे नंबरास एकच नाव दिलेले असते, आणि त्याच्या पोटातल्या दहा जागांची दहा नावे कुठेच नसतात. ती नावे माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसे ऐंशी उलटलेली आहेत.

म्हणून आमच्या पिशवीत ती वही असते. तीन वर्षांपूर्वी मराठीच्या प्रकल्पासाठी आम्ही मुलांना सांगितले, आपल्या घराभोवतालच्या जागांची नावे आजी-आजोबांना विचारून लिहून आणा. देवनागरीत, ऐकली तशी. पहिल्या आठवड्यात मुलांनी 'शेत', 'डोंगर', 'तळी' एवढेच आणले. एका मुलाने 'जिओ टॉवर' आणला. ते नावही आम्ही टिपून ठेवले, कारण पन्नास वर्षांनी तेही जुनेच होणार आहे. मग हळूहळू आजोबा लोक बोलू लागले. पाटाखालचे, वडामुळातले, देवाच्या राईकडचे, चोरवाट, वाघाची पाणवठ. मळ्याला एक नाव, त्याच मळ्यातल्या बांधाला दुसरे. कोणत्या महिन्यापर्यंत कोणती झर वाहते हेही लोक सांगू लागले : ही चैत्रात आटते, ही आटतच नाही, ही खाण लागल्यापासून आटली आणि २०१८ नंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात पुन्हा फुटली. ह्या शेवटच्या वाक्याखाली मुलीने वहीत दोन रेघा ओढल्या आहेत. ती आटलेली झर परत आल्याचे सांगताना तिच्या आजोबांनी टोपी काढली होती म्हणे.

नावांवरून भांडणेही झाली. एका झरीची दोन वाड्यांनी दोन नावे सांगितली, आणि दोन्हीकडचे वृद्ध शाळेत येऊन आमच्यासमोर तावातावाने बोलले. आम्ही दोन्ही नावे लिहिली. एक म्हणाले, "मास्तर, असे करून कसे चालेल? एक खोटे असणारच." आम्ही म्हटले, "तात्या, पाणी दोघांनी भरले ना? मग नाव दोघांचे." तात्यांना ते पटले नाही. त्यांनी पुढल्या रविवारी आम्हांस स्वतः तेथे नेले, दगडावर घागरी ठेवून ठेवून पडलेले खळगे दाखवले, आणि त्यांतला आपल्या आईच्या घागरीचा कोणता हे निःशंकपणे सांगितले. आम्ही तोही खळगा वहीत काढून घेतला. चित्र मुलांनी काढले. आमच्या हाताला ती कला नाही.

एका प्रतिष्ठित गृहस्थांनी आम्हांस विचारले की ही वही न्यायालयात टिकेल काय? आम्ही वकील नव्हे. मात्र ग्रामसभेत ती एकदा उघडली गेली आहे. पाणवठ्यांची यादी करावयाची होती. पंचायतीच्या कागदावर मोजक्या विहिरी होत्या, आणि मुलांच्या वहीत त्यांच्या कितीतरी पट झरी व तळी, महिन्यांसह. यादी दुरुस्त करून घ्यावयाचे ठरले. ते अजून पुरे व्हायचे आहे. सरकारी कागद आमच्याहून सावकाश चालतात.

बडोद्याच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत यावे. तोवर पाऊस उघडलेला असतो, सडा हिरवा असतो आणि व्हाळ अजून वाहत असतात. खंदक दुरूनच दाखवू, डंप दाखवू, कासारपालचे देऊळ दाखवू, आणि त्यांना एक कोरी वही देऊ.

चौथ्या वहीतले शेवटचे पान सध्या अर्धे आहे. कासारपालहून अडवलपालकडे जाताना डाव्या हातास एक घळ लागते, तिच्यात किंदळाच्या झाडाखाली बारीक धार आहे. मे महिन्यातही आम्ही ती वाहताना पाहिली. तिचे नाव आम्ही आजवर सात जणांना विचारले आणि सातही जणांनी एकाच आजींकडे बोट दाखवले. त्या आजी लेकीच्या बाळंतपणासाठी दोडामार्गला गेल्या आहेत, श्रावणात परततील. मुलांनी धारेचे चित्र काढून नावाची जागा मोकळी ठेवली आहे.